घरच्यासाठी वेल्डिंग मशीन घेताना आणि शिकताना

आमचे घर कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीपासून थोड्या चढावर आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. आमचा जोता उंच असल्यामुळे घरात पाणी गुडघ्याच्या वर चढले नाही, पण वॉशिंग मशीन, फ्रीज आणि पुस्तकांचे कपाट निकामी करायला तेवढे पाणी पुरते. या वस्तूंच्या मापाचे, एरवी सुटे करून माळ्यावर ठेवता येतील असे लोखंडी घोडे (वस्तू उंचावर ठेवायचे स्टँड) घरात असावेत, हे तेव्हापासून मनात होते. पुराच्या तोंडावर कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याला सवड नसते, आणि एरवी खिडकीच्या जाळीचा सुटलेला गज किंवा गेटची बिजागरी अशा किरकोळ कामासाठी कोणी घरी यायला तयार होत नाही. म्हणून २०२३ च्या दिवाळीनंतर मी ठरवले, की हे काम स्वतः शिकायचे आणि त्यासाठी घरी मशीन घ्यायचे. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. लोखंडाच्या कामाशी माझा त्यापूर्वी काहीही संबंध नव्हता. पुढच्या आठ-नऊ महिन्यांत जे समजत गेले ते क्रमाने लिहिते, म्हणजे माझ्यासारख्या नवख्या माणसाला कुठून सुरुवात करावी हे तरी कळेल.

पहिली चौकशी मी कळंबा रस्त्यावरील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत केली. वेल्डर हा तेथील एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आठवी उत्तीर्ण उमेदवाराला त्याला प्रवेश मिळतो, आणि प्रवेशाची प्रक्रिया दरवर्षी राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून केंद्रीय पद्धतीने होते. ज्यांना यातून पोट भरायचे आहे त्यांच्यासाठी हाच मार्ग योग्य आहे, कारण हातात येणारे प्रमाणपत्र कारखान्यात चालते. मला नोकरी सांभाळून पूर्ण वेळ वर्ग करणे शक्य नव्हते. तेव्हा शिवाजी उद्यमनगरात आमच्या गेटचे काम पूर्वी ज्यांनी केले होते त्या मिस्त्रींकडे मी गेले. ओतकाम आणि यंत्रकाम यांनी भरलेल्या या भागात शिकवू शकणारी माणसे पुष्कळ आहेत. अडचण असते ती त्यांच्या वेळेची. मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी होकार दिला, पण अट घातली: "ताई, मशीन आदी घ्यायचं न्हाई. घरची लाईट कशी हाय ते बगा, मग काय जोडायचं ते ठरवा, मग मशीन." बैठकीचे ४०० रुपये आणि रॉड (वितळून जोड भरणाऱ्या कांड्या) व लोखंड माझे, असे ठरले. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे शनिवारची दुपार शिकण्यासाठी मोकळी झाली.

मामांची ती अट पाळली हे फार बरे झाले, कारण घरगुती वेल्डिंगमध्ये सर्वांत जास्त घोळ विजेचा असतो आणि दुकानात त्याविषयी कोणी आपणहून बोलत नाही. मी वीजबिल काढून पाहिले. त्यावर मंजूर भार छापलेला असतो. आमचा २ किलोवॅट होता. घरात फ्रीज, पंप आणि गीझर चालतो त्यात वेल्डिंग मशीनची भर पडली तर काय होईल, याचा हिशेब मी मांडला. रॉडने वेल्डिंग करताना टोकाशी किती व्होल्ट लागतात त्याचे एक सोपे सूत्र आहे: अँपिअरला ०.०४ ने गुणायचे आणि त्यात २० मिळवायचे. १०० अँपिअरला २४ व्होल्ट येतात, म्हणजे २,४०० वॅट. मशीनची कार्यक्षमता ८० ते ८५ टक्के धरली तर मीटरमधून जवळजवळ ३ किलोवॅट ओढले जातात. साध्या इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक, वजनाने हलक्या) मशीनचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा भाग, ०.७ च्या आसपास असतो, त्यामुळे २३० व्होल्टच्या एका फेजवर प्रत्यक्ष प्रवाह १८ अँपिअरच्या घरात जातो. गीझरचे १६ अँपिअरचे सॉकेट येथेच कमी पडते. मशीनवर २०० लिहिले आहे म्हणून घरात २०० अँपिअरने काम करता येईल, हा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो; घरी ८० ते ११० अँपिअरच्या पुढे जाण्याची वेळ क्वचितच येते, आणि ते पुरते.

डिसेंबरमध्ये मी महावितरणच्या संकेतस्थळावरून भारवाढीचा अर्ज केला आणि मंजूर भार ५ किलोवॅट मागितला. ग्राहक क्रमांक, ओळखपत्र, घराच्या मालकीचा कागद आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल एवढे तयार ठेवले की अर्ज भरताना थांबावे लागत नाही. कोटेशन आले, ते ऑनलाइन भरले आणि जानेवारीच्या बिलावर नवा भार दिसला. घरगुती जोडणीवरून स्वतःच्या घरची दुरुस्ती करणे वेगळे आणि पैसे घेऊन लोकांची कामे करणे वेगळे, हे येथे लक्षात ठेवावे. घरगुती दराची वीज व्यवसायाला वापरली तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी होते. पुढेमागे व्यवसाय करायचा विचार असेल तर जोडणी आधीच त्या वर्गात बदलून घ्यावी.

वायरिंगचे काम मी परवानाधारक माणसाकडूनच करून घेतले. मीटरपासून परसातल्या भिंतीपर्यंत तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, ३२ अँपिअरचे औद्योगिक सॉकेट, त्यावर सी प्रकारचा एमसीबी (जास्त प्रवाह आला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच). सी प्रकार अशासाठी, की मशीन सुरू होताना क्षणभर जो जास्त प्रवाह येतो त्याने बी प्रकारचा एमसीबी विनाकारण पडत राहतो. अर्थिंगचा खड्डा जुना होता, तो तपासून दुरुस्त केला. या सगळ्याला ५,२०० रुपये लागले. घरात असलेला गुंडाळीचा एक्स्टेंशन बोर्ड या कामाला अजिबात वापरू नये. गुंडाळलेली वायर स्वतःच्याच उष्णतेने आतून वितळू शकते, आणि लांब बारीक वायरीवर व्होल्टेज इतके उतरते की ठिणगी धड धरत नाही.

मग मशीन. उद्यमनगरात जुन्या पद्धतीची ट्रान्सफॉर्मर मशीन अजून सगळीकडे दिसतात. ती दणकट असतात, तांब्याचे वाइंडिंग असेल तर वर्षानुवर्षे चालतात, पण त्यांतली बहुतेक दोन फेजवर चालणारी आणि उचलायला दोन माणसे लागतील इतकी जड असतात. एका फेजच्या घरात त्यांचा विचार करण्यात अर्थ नाही. त्यामुळे माझ्यापुढे इन्व्हर्टर मशीनच उरली. ती पाच-सहा किलोंची असते आणि खांद्याला अडकवून गच्चीवर नेता येते. सीओटू वेल्डिंगचा मोह मला झाला होता, कारण त्यात तार आपोआप पुढे येते आणि पातळ पाईप चांगला जोडला जातो. पण त्याला गॅसचे नळकांडे सांभाळावे लागते, आणि उघड्यावर वारा आला की गॅसचे आवरण उडून टाका सच्छिद्र होतो. आमचे काम परसात, म्हणजे उघड्यावरच. रॉडच्या वेल्डिंगमध्ये रॉडवरचा मुलामाच जळून आवश्यक ते आवरण तयार करतो, म्हणून बाहेरच्या कामाला आणि थोड्या गंजलेल्या लोखंडालाही तो चालतो. घरगुती दुरुस्तीसाठी पहिले मशीन रॉडचेच असावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

लक्ष्मीपुरी आणि उद्यमनगर या दोन्हीकडे दुकाने फिरले. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बघण्यापेक्षा मागची माहितीपट्टी वाचायला मी मामांकडून शिकले होते. तिच्यावर ड्यूटी सायकल दिलेले असते. १६० अँपिअरला ६० टक्के असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ दहा मिनिटांच्या काळात सहा मिनिटे त्या प्रवाहावर काम आणि चार मिनिटे विश्रांती. त्याच पट्टीवर मशीन मीटरमधून जास्तीत जास्त किती अँपिअर ओढेल आणि रॉड टेकलेला नसताना टोकाशी किती व्होल्ट असतील हेही असते. हा दुसरा आकडा बहुधा ६० ते ८० च्या दरम्यान असतो. ज्या मशीनवर ही पट्टीच नव्हती किंवा जिच्यावर फक्त कमाल अँपिअर होते ती मी बाजूला ठेवली, मग किंमत कितीही कमी असो. त्याशिवाय तीन सोयी पाहिल्या. हॉट स्टार्टमुळे सुरुवातीची ठिणगी सहज पडते, अँटी-स्टिकमुळे रॉड चिकटल्यावर प्रवाह आपोआप उतरतो, आणि आर्क फोर्समुळे रॉड फार जवळ गेला तरी ठिणगी विझत नाही. शिकणाऱ्याला पहिल्या दोन सोयींचा मोठा आधार वाटतो. कमी व्होल्टेजला चालण्याची मर्यादाही विचारून घ्यावी. संध्याकाळी आमच्या भागात व्होल्टेज उतरते, म्हणून १६० व्होल्टपासून चालणारे मशीन मी निवडले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये २०० अँपिअरचे इन्व्हर्टर मशीन घेतले. किंमत ८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,४४० रुपये. पक्के बिल आणि अनुक्रमांक टाकलेले वॉरंटी कार्ड घेतले, आणि दुरुस्ती कोल्हापुरातच होते की मशीन बाहेर पाठवावे लागते हे विचारून घेतले. सोबत मिळालेली केबल आणि अर्थिंगचा क्लॅम्प फारच हलका होता. क्लॅम्प मामांच्या सांगण्यावरून लगेच बदलला. तो कोऱ्या, रंग घासलेल्या लोखंडावर आणि जोडाच्या जवळ घट्ट बसला पाहिजे. ठिणगी धरत नाही म्हणून लोक मशीनला दोष देतात तेव्हा पुष्कळदा दोष या चिमट्याचा असतो.

सुरक्षेच्या सामानात मी काटकसर केली नाही. हातात धरायची काळी काच स्वस्त मिळते, पण नवशिक्याचा एक हात तिच्यात अडकतो आणि रॉड टेकवण्याआधी काहीच दिसत नाही. म्हणून आपोआप काळे होणारे हेल्मेट घेतले, १,७५० रुपयांचे. त्यात काळेपणा ९ ते १३ पर्यंत बदलता येतो आणि ८० ते १०० अँपिअरला मी १० किंवा ११ ठेवते. चामड्याचे लांब हातमोजे आणि एप्रन ९०० रुपयांना मिळाले. साडी किंवा सिंथेटिक ओढणी या कामाला चालत नाही. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती पँट आणि चामड्याचे बंद बूट हवेत, आणि पँटची घडी बुटाच्या आत खोचायची नाही, कारण ठिणगी घरंगळत आत जाते. वेल्डिंगच्या प्रकाशाची डोळ्यांना झळ लागण्याविषयी विशेष सांगावेसे वाटते. ती लागते त्या क्षणी काहीच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी सुरू होते. गल्लीतली मुले बघायला जमतात, म्हणून परसाच्या तोंडाशी जाड ताडपत्रीचा पडदा बांधला आणि शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवले.

आमच्या घरात आणखी एक प्रश्न होता. सासूबाईंना पेसमेकर बसवलेला आहे. वेल्डिंगच्या केबलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्याचा पेसमेकरवर परिणाम होऊ शकतो, म्हणून मशीन घेण्याआधी मी त्यांच्या डॉक्टरांना विचारले. डॉक्टरांनी मशीन आणि केबल यांच्याजवळ सासूबाईंनी मुळीच जाऊ नये असे सांगितले. मशीन परसात आणि त्या पुढच्या खोलीत, हा नियम आम्ही घालून घेतला. काम सुरू करण्याआधी मी त्यांना "आई, आता सुरू करते" असे सांगते आणि संपले की पुन्हा सांगते. ज्यांच्या घरात असे कोणी आहे त्यांनी ही विचारणा टाळू नये.

शिकण्याची सुरुवात मामांच्या शेडमध्ये, त्यांच्या मशीनवर झाली. भंगारातून आणलेली ६ मिलिमीटर जाडीची पट्टी, १२ नंबरचे रॉड आणि खडू. रॉडच्या जाडीला बाजारात नंबर असतात: १२ नंबर म्हणजे अडीच मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.१५ आणि ८ नंबर म्हणजे ४. घरच्या कामाला बारा आणि दहा एवढे दोनच लागतात. बाराला ६० ते ९० अँपिअर आणि दहाला ९० ते १३० अशी ढोबळ मर्यादा आहे. रॉडचा प्रकार ६०१३ घ्यायचा. तो सहज पेटतो, त्याची स्लॅग (टाक्यावर जमणारी मळीची खपली) सुटी होते आणि तो धन आणि ऋण अशा दोन्ही टोकांवर चालतो.

पहिल्या दिवशी मामांनी जोड असा काही दिलाच नाही. पट्टीवर खडूने सरळ रेघ आखायची आणि तिच्यावर वेल्डिंगची रेघ ओढायची, एवढेच. रॉडने पट्टीवर ओरखडा मारला की ठिणगी पडते, आणि लगेच रॉड थोडा वर घेतला नाही तर तो चिकटतो. प्रत्येक शिकणाऱ्याचा चिकटतो. मनगट वळवून झटका द्यायचा, नाहीच सुटला तर होल्डरची पकड सोडून द्यायची. ठिणगी धरल्यावरचे अंतर हा खरा विषय आहे. रॉडच्या आतल्या तारेची जेवढी जाडी, साधारण तेवढेच अंतर ठेवायचे, म्हणजे अडीच मिलिमीटर. आणि रॉड जळत आखूड होत असताना हात त्याच वेगाने खाली आणत राहायचे. डोळ्यांनी हे अंतर मोजता येत नाही. मामा म्हणाले, "ताई, नुसतं बगू नगा, आवाज ऐका. आवाज फाटला की समजायचं, रॉड लांब गेला." अंतर बरोबर असते तेव्हा कढईत भज्यांचा घाणा पडल्यासारखा एकसारखा चरचराट येतो. लांब गेला की तो तुटक, फडफडता होतो आणि बाजूला ठिणग्यांचे थेंब उडू लागतात. हेल्मेटच्या आत बाकी काहीच दिसत नसल्यामुळे कान आपोआप तयार होतो, आणि काही शनिवारांनंतर शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या पोराचा रॉड लांब गेला हेही मला पाठ फिरवून कळू लागले.

याहून अवघड गोष्ट दुसरी होती, आणि ती समजली तेव्हा मला खरा आनंद झाला. काचेतून बघताना सगळ्यांचे लक्ष ठिणगीच्या प्रकाशाकडे जाते, पण बघायचे असते तिच्या मागचे वितळलेले लोखंड. तेथे दोन द्रव असतात. पुढे असतो तो झगझगीत, पातळ, हलता असा लोखंडाचा ठिपका. त्याच्या मागून थोडा काळसर, संथ असा स्लॅगचा थर सरकत येतो. स्लॅग मागेच राहिली पाहिजे. ती पुढे आली की लोखंडाखाली दबते, वरून टाका सुरेख दिसतो आणि आत मात्र काळी रेघ राहते, जिला ताकद नसते. स्लॅग मागे ठेवण्यासाठी रॉड सरकण्याच्या दिशेकडे दहा-पंधरा अंशांनी झुकवायचा, म्हणजे त्याचे टोक मागच्या डबक्याकडे बघते, आणि अंतर कमी ठेवायचे. वेग किती, याचे उत्तर डबक्याच्या रुंदीत असते: रॉडच्या दुप्पट रुंदी झाली की पुढे सरकायचे. थंड झाल्यावर चिपिंग हॅमरने खपली काढली आणि खाली एकसारख्या, जवळजवळ बसलेल्या लहरी दिसल्या, तेव्हा मामांनी पट्टी हातात घेऊन नुसती मान डोलावली. खपली फोडताना साधा चष्मा हवाच. ती गरम असते आणि थेट डोळ्यांकडे उडते.

मग टी आकाराचा जोड. एक पट्टी आडवी, दुसरी तिच्यावर उभी, दोन्ही टोकांना टाके मारून मधे एकाच बाजूने वेल्डिंग. तो तयार झाला की मामा पट्टी बाकाला बसवलेल्या शिकंज्यात धरायला सांगत आणि वेल्डिंग नसलेल्या बाजूने, उभी पट्टी वेल्डिंगकडे वाकेल असे हातोड्याचे घाव घालून जोड मोडायला लावत. मोडलेल्या पृष्ठभागावर काय आहे हे वाचायचे. सगळीकडे करडे, दाणेदार लोखंड दिसले तर जोड भरला. कोपऱ्यात मूळ पट्टीची कोरी कड तशीच दिसली तर प्रवाह कमी होता. काळे ठिपके म्हणजे स्लॅग. गोल भोके म्हणजे ओलावा, गंज किंवा लांब गेलेला रॉड. वर्गात उत्तरपत्रिका तपासण्याइतकेच मन लावून मी हे तुकडे तपासले. घरी शिकणाऱ्याने हा जोड मोडण्याचा सराव अवश्य करावा, कारण टाक्याचे रूप आणि टाक्याची ताकद या गोष्टी सारख्या नसतात.

मार्चच्या अखेरीस स्वतःच्या मशीनवर घरी सराव सुरू केला. चौकोनी पातळ पाईप हे त्यातले वेगळे प्रकरण आहे. १६ गेजचा पाईप म्हणजे १.६ मिलिमीटर, त्यावर सलग रेघ ओढली तर भोक पडते. प्रवाह ५५-६० पर्यंत उतरवायचा, केबल बदलून रॉड ऋण टोकावर घ्यायचा म्हणजे पाईपमध्ये उष्णता कमी मुरते, आणि सलग न जाता छोटे छोटे टाके एकावर एक, थांबत थांबत मारायचे. १८ गेज मी अजून टाळते. याच काळात शिलाई मशीनचा तुटलेला पाय जोडता येईल का असे विचारले, तेव्हा मामांनी तो हातात घेऊन सांगितले की हे बीड, म्हणजे ओतीव लोखंड आहे. बिडाला निकेलचा महागडा रॉड लागतो, भाग सावकाश तापवावा आणि तितक्याच सावकाश थंड करावा लागतो; ६०१३ ने जोडले तर जोडाशेजारीच तडकते. कोल्हापुरात बिडाचे ओतीव काम घरोघरी आढळते, म्हणून जोडण्याआधी वस्तू कशाची आहे हे पाहावे. ग्राइंडर लावला की पोलादाच्या ठिणग्या लांब, पिवळ्या आणि फुटणाऱ्या येतात. बिडाच्या आखूड आणि लालसर.

मे महिन्याच्या सुट्टीत घोडे करायला घेतले. ३५ बाय ३५ बाय ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला २.६ किलो भरतो, म्हणजे सहा मीटरची एक लांबी साधारण साडेपंधरा किलो. एका घोड्याला जवळजवळ एक लांबी लागली: वर ७५ सेंटीमीटर बाजूची चौकट आणि ६० सेंटीमीटरचे चार पाय. पाय नट-बोल्टने सुटे होणारे ठेवले आणि तिरप्या पट्ट्याही बोल्टनेच बसवल्या; वेल्डिंग फक्त चौकटीला, कोपऱ्यांच्या तिकोनी तुकड्यांना आणि पायाखालच्या पाट्यांना. अँगल किलोला ६८ रुपयांनी मिळाला. कापण्यासाठी चार इंची ग्राइंडर घेतला होता, २,६०० रुपयांचा. कटिंग व्हील वापरताना गार्ड काढू नये. दुकानात काढून वापरणारे पुष्कळ दिसतात, त्यांचे अनुकरण करू नये.

चौकट काटकोनात ठेवणे हे वेल्डिंगपेक्षाही जास्त वेळ घेते. वितळलेले लोखंड थंड होताना आकसते आणि ज्या बाजूला टाका असतो त्या बाजूला अँगल ओढतो. म्हणून आधी चारी कोपऱ्यांना छोटे टाके मारायचे, मग दोन्ही कर्ण मोजायचे. ७५ च्या चौरसाचा कर्ण १०६ सेंटीमीटर येतो. दोन्ही कर्ण सारखे झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. गुण्या एका कोपऱ्याचे सांगतो, कर्ण सगळ्या चौकटीचे सांगतो. त्यानंतर एका कोपऱ्यावर काम केले की समोरच्या तिरप्या कोपऱ्यावर जायचे, म्हणजे ओढ वाटली जाते. पूर्ण झाल्यावर स्लॅग आणि उडालेले थेंब घासून, रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर ऑइल पेंट. वेल्डिंगच्या जागी स्लॅग राहिली तर रंग तेथून आधी सुटतो. काम संपल्यावर अर्धा तास जागेवरून हलायचे नाही हाही नियम ठेवला. वाळूची बादली आणि दोन किलोचा एबीसी अग्निशामक हाताशी असतो, कारण ठिणगी पोत्याच्या घडीत बराच वेळ धुमसत राहू शकते.

जून लागला आणि रॉडचा प्रश्न आला. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडे राहिलेले रॉड ओलावा धरतात, मग ठिणगी तडतडते आणि टाक्यात भोके पडतात. ६०१३ चे रॉड १०० अंशांच्या थोड्या वर तासभर तापवले की पुन्हा कामाचे होतात. ७०१८ या दुसऱ्या प्रकारच्या रॉडला मात्र ३०० अंशांच्या आसपासचे तापमान लागते, म्हणून तो घरगुती कामात न वापरलेलाच बरा. मी घट्ट झाकणाच्या डब्यात थोडेथोडेच रॉड ठेवते. प्रत्यक्ष पाऊस चालू असताना किंवा ओल्या फरशीवर काम करत नाही. ७०-८० व्होल्ट कोरड्या हातमोज्याला काही करत नाहीत, भिजलेल्या हातमोज्याचे तसे नाही.

जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने धोका पातळी ओलांडली. इशारा पातळीलाच आम्ही घोडे उतरवून बोल्ट आवळले आणि वॉशिंग मशीन, फ्रीज व कपाट वर चढवले. भरलेले कपाट एका घोड्यावर आहे. महिनाभराने काढून पाहिले तेव्हा चौकटीचे कर्ण पहिल्याइतकेच भरले.

खर्चाचा हिशेब असा: मशीन, हेल्मेट, हातमोजे-एप्रन, ग्राइंडर आणि वायरिंग मिळून १९,८९० रुपये, बैठकी, रॉड आणि भंगार वेगळे. फॅब्रिकेशनवाल्यांचा दर तेव्हा मालमजुरीसह किलोला १२० रुपये होता, म्हणजे एका घोड्यामागे माझे जेमतेम ८०० रुपये वाचले. केवळ पैसे वाचवायचे असतील आणि एकच वस्तू करून घ्यायची असेल तर ती बाहेरून करून घ्यावी, असेच मी सांगेन. ज्यांच्या घरी वर्षभर काही ना काही दुरुस्ती निघते आणि शिकायला शनिवार देता येतात, त्यांनी मशीन घ्यावे.

एक काम मी हातात घेतलेले नाही. मागच्या गेटची चौकट जीआय पाईपची आहे. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या उष्णतेने पांढऱ्या धुरात बदलतो, आणि तो धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. थर घासून काढावा लागतो, पाईपच्या आतला थर तर घासताही येत नाही, आणि आमच्या परसाला तीन बाजूंनी भिंती आहेत. मामांनी ते गेट हातगाडीवरून शेडमध्ये नेले, पंख्यासमोर मोकळ्यावर ठेवून जोडले आणि त्याचे २,२०० रुपये घेतले.